नव्या नोकरीचा पहिला महिना: कोणते काम आधी, कोणते नंतर

नव्या कार्यालयात रुजू झाल्यावर पहिल्या काही दिवसांत जे दडपण येते, ते बहुतेक वेळा काम अवघड असल्यामुळे येत नाही. तीस-चाळीस नवी नावे, चार-पाच पासवर्ड, न कळणारी लघुरूपे, भरायचे फॉर्म आणि प्रत्यक्ष काम हे सगळे एकाच वेळी समोर येते. त्यातले आजच करायचे कोणते आणि पुढच्या आठवड्यावर टाकले तरी चालेल असे कोणते, हे मात्र कोणी सांगत नाही. मग माणूस सगळेच एकदम शिकायला जातो आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याला वाटू लागते की आपण या जागेला लायक नाही. हा निष्कर्ष चुकीचा असतो, कारण चूक क्षमतेत नसून क्रमात असते. पुढील टप्पे त्या क्रमासाठी आहेत. ते इंदूरमधील कार्यालये डोळ्यांपुढे ठेवून लिहिले आहेत. ग्वाल्हेरच्या वाचकांनाही ते जवळजवळ तसेच लागू पडतील.

## टप्पा १: रुजू होण्यापूर्वी नाव आणि कागद जुळवून घ्या

सर्वांत जास्त गोंधळ या टप्प्यात होतो आणि तो टाळणे पूर्णपणे आपल्या हातात असते, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहितो.

मध्य प्रदेशातील मराठी कुटुंबांत एक अडचण वारंवार दिसते. आपल्याकडे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव असे तिन्ही भाग लिहिण्याची रीत आहे, तर इथल्या शाळांत आणि कचेऱ्यांत बहुधा नाव आणि आडनाव एवढेच लिहिले जाते. परिणामी दहावीच्या गुणपत्रिकेवर दोन भागांचे नाव, आधारवर तीन भागांचे आणि बँकेच्या खात्यावर मधल्या नावाचे केवळ आद्याक्षर अशी स्थिती होते. विवाहानंतर आडनाव बदललेल्या स्त्रियांच्या बाबतीत त्यात आणखी एका नावाची भर पडते. भविष्य निर्वाह निधीची नोंद आधारवरील नाव, जन्मतारीख आणि लिंग यांच्याशी ताडून पाहिली जाते. तेथे फरक निघाला की खाते जोडणे अडते आणि नव्या नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात एचआर विभागाच्या मेलमागून मेल येऊ लागतात.

म्हणून नियुक्तिपत्र हाती आले की त्याच दिवशी आधार, पॅन, बँक पासबुक आणि दहावीची गुणपत्रिका शेजारी ठेवून चारही ठिकाणचे नाव अक्षरानअक्षर वाचून पाहा. दुरुस्ती लागणार असेल तर आधी आधार, मग पॅन आणि शेवटी बँक असा क्रम ठेवा. दुरुस्ती रुजू होण्यापूर्वी पूर्ण होणार नसेल, तर एचआर विभागाला तसे आधीच लेखी कळवा आणि अर्जाची पावती जोडा.

त्यानंतर एकाच फाइलमध्ये पुढील कागद लावा: नियुक्तिपत्राची प्रत, शिक्षणाच्या गुणपत्रिका, मागील नोकरीचे रिलीव्हिंग लेटर आणि शेवटच्या तीन महिन्यांची पगारपत्रके, पॅन, आधार, रद्द केलेला धनादेश आणि काही छायाचित्रे. नामनिर्देशनासाठी (म्हणजे आपल्या पश्चात रक्कम कोणाला मिळावी हे नोंदवण्यासाठी) घरच्यांच्या जन्मतारखा आणि आधार क्रमांकही लिहून ठेवा, कारण फॉर्म भरताना त्या आठवत नाहीत आणि मग आईला फोन करून विचारत बसावे लागते.

पूर्वी कोठेही नोकरी केली असेल, तर तुमचा बारा अंकी यूएएन, म्हणजे भविष्य निर्वाह निधीचा कायमचा सदस्य क्रमांक, शोधून ठेवणे अत्यावश्यक आहे. एका व्यक्तीला एकच यूएएन असतो. नव्या कंपनीच्या फॉर्ममध्ये «पूर्वी सदस्य नव्हतो» असे लिहून दुसरा क्रमांक काढून घेण्याची चूक बरेच जण घाईत करतात आणि पुढे दोन खाती एकत्र करण्यात महिने घालवतात. जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख नोंदवली आहे की नाही, हेही निधीच्या सदस्य पोर्टलवर पाहा. ती नोंदवलेली नसेल, तर नोकरी सोडून दोन महिने झाल्यावर सदस्य स्वतः ती नोंदवू शकतो. परंतु जुन्या कार्यालयाकडून ती वेळेवर नोंदवून घेणे अधिक सोपे पडते.

सावधान: मूळ गुणपत्रिका कोणत्याही कंपनीकडे जमा करू नका. त्या दाखवा, पडताळणी होऊ द्या आणि तेथेच परत घ्या. दिलेल्या प्रत्येक छायाप्रतीवर सही, तारीख आणि «नोकरीच्या कागदपत्रांसाठी» असे लिहा. तसेच लॅपटॉपची अनामत, प्रशिक्षणाचे शुल्क किंवा पडताळणीचा खर्च म्हणून रुजू होण्यापूर्वी पैसे मागितले जात असतील, तर पैसे देऊ नका. आधी कंपनीच्या अधिकृत कार्यालयात स्वतः जाऊन चौकशी करा.

## टप्पा २: रस्ता एकदा कामाच्या वेळेलाच पाहून या

रविवारी दुपारी सुपर कॉरिडॉरला, म्हणजे मोठ्या कंपन्यांचे परिसर असलेल्या इंदूरच्या रुंद रस्त्याच्या पट्ट्यात, जाऊन आल्यावर सोमवारी सकाळी किती वेळ लागेल याचा अंदाज येत नाही. राजेंद्रनगर, सुदामानगर किंवा लोकमान्यनगर या भागांतून विजयनगरकडे जायचे असेल, तर तुम्हाला शहर आडवे ओलांडावे लागते आणि सकाळच्या गर्दीत एकेका चौकात बराच वेळ जातो. भंवरकुआँजवळच्या क्रिस्टल आयटी पार्ककडे जाणाऱ्यांना अंतर कमी असले, तरी त्या भागात शिकवणी वर्गांच्या विद्यार्थ्यांची मोठी वर्दळ असते. म्हणून रुजू होण्यापूर्वी कामाच्या एखाद्या दिवशी नेमक्या त्याच वेळी घरातून निघून फाटकापर्यंत जाऊन या. वाहन कोठे लावायचे, पास लागतो का आणि कोणत्या फाटकातून प्रवेश आहे, हे सुरक्षारक्षकाला विचारून घ्या. सुपर कॉरिडॉरवरील मोठ्या परिसरांत फाटकापासून इमारतीपर्यंतचे चालणेही वेळेत धरावे लागते.

इंदूरची मेट्रो ३१ मे २०२५ रोजी याच सुपर कॉरिडॉरच्या पट्ट्यात सुरू झाली. तिचा उपयोग करण्याचा विचार असेल, तर गाडीच्या वेळा आणि घरापासून स्थानकापर्यंत पोहोचण्याची सोय या दोन्ही गोष्टी आधी पक्क्या करा. पहिल्या दिवशी त्याचा प्रयोग करू नका.

तपासा: पावसात जाण्याचा पर्यायी मार्ग ठरला आहे का? घरी परतण्याची वेळ घरच्यांना सांगितली आहे का?

## टप्पा ३: पहिल्या दिवशी काम शिकण्याचा प्रयत्न करू नका

पहिल्या दिवशी तीनच गोष्टी साधायच्या आहेत: प्रवेश, यंत्र आणि बसण्याची जागा. ओळखपत्र किंवा तात्पुरता पास मिळाला का, संगणकावर तुमच्या नावाने लॉगिन होते का, कार्यालयीन मेल उघडतो का, हजेरी कशी लावायची आणि जेवणाची सुटी केव्हा असते, एवढे कळले म्हणजे दिवस सार्थकी लागला. त्या दिवशी कोणी प्रणालीची माहिती भराभर सांगू लागले, तर ऐकून घ्या, पण ती लक्षात राहिली नाही म्हणून कष्टी होऊ नका. ती पुन्हा विचारायचीच आहे आणि त्यासाठी पुढे स्वतंत्र टप्पा आहे.

लॅपटॉप मिळाल्यास स्वीकृतीच्या कागदावर सही करण्यापूर्वी त्यावरील क्रमांक ताडून पाहा आणि ओरखडा किंवा तुटलेली कड असेल तर तिचे छायाचित्र काढून त्याच दिवशी मेलने कळवा. घरचे फोटो, बँकेचे पासवर्ड आणि खासगी कागद त्या यंत्रावर ठेवू नका.

पोशाखाबद्दल एवढेच पुरे की पहिल्या दिवशी साधा औपचारिक पोशाख घालावा आणि पुढे इतरांचे पाहून ठरवावे.

संबोधनाकडे मात्र लक्ष द्यावे लागते. इंदूरच्या कार्यालयांत बोलण्याची भाषा हिंदी आणि मेलची इंग्रजी असते. वयाने मोठ्या सहकाऱ्याला नावापुढे «जी» लावून किंवा «सर», «मॅडम» म्हणून हाक मारणे सुरुवातीला सुरक्षित असते. कार्यालयात सर्वजण एकमेकांना केवळ नावाने हाक मारत असतील, तर ते दोन-तीन दिवसांत आपोआप कळते. चहा देणाऱ्या आणि साफसफाई करणाऱ्या कर्मचाऱ्यांनाही आदरार्थी बहुवचनानेच बोलावे.

इंदूरचा मराठी समाज एकमेकांना धरून असल्यामुळे टीममधले एखादे वरिष्ठ तुमच्या वडिलांचे परिचित किंवा गणेशोत्सव मंडळातले काका निघण्याचा संभव बराच असतो. अशा वेळी कार्यालयात त्यांना «काका» म्हणू नका; ते स्वतः म्हणायला सांगेपर्यंत इतर जण वापरतात तेच संबोधन वापरा. हिंदीभाषक सहकारी शेजारी बसलेले असताना दोघांनीच मराठीत बोलत राहणेही टाळा, कारण नव्या माणसाविषयी लोकांचे मत अशाच लहान गोष्टींवरून बनते. ओळख असल्याचे समाधान मनात असू द्यावे. तिचा उपयोग सवलत मिळवण्यासाठी करू नये.

## टप्पा ४: पहिल्या आठवड्यात एकच वही आणि तिचे तीन भाग

मोबाइलमधील नोंदी, मेलमधील मसुदे आणि रंगीत चिठ्ठ्या यांवर विखुरलेली माहिती नेमक्या वेळी सापडत नाही. म्हणून हातात मावेल अशी एकच वही घ्या आणि तिचे तीन भाग करा.

पहिला भाग माणसांचा. बसण्याच्या जागांचा कच्चा नकाशा काढून त्यावर नावे लिहा आणि प्रत्येक नावापुढे ती व्यक्ती कोणते काम पाहते हे नोंदवा. इंदूरच्या कार्यालयात एकाच मजल्यावर अनेक शर्मा आणि अनेक जैन असू शकतात, त्यामुळे केवळ आडनाव लिहून भागत नाही. बिल मंजूर कोण करते, संगणक बिघडल्यास कोणाकडे जायचे, रजेचा अर्ज कोणाच्या नावे करायचा, हे तीन धागे प्रथम पकडा.

दुसरा भाग शब्दांचा. प्रत्येक कार्यालयाची स्वतःची लघुरूपे असतात आणि बैठकीत सर्वजण ती सहज वापरतात. बैठकीत मध्येच थांबवून प्रत्येकाचा अर्थ विचारणे शक्य नसते, म्हणून ऐकू येईल तसे देवनागरीत लिहून ठेवा आणि दुपारी शेजारच्या सहकाऱ्याला एकदम विचारा. दोन आठवड्यांत या भागाची चार-पाच पाने भरतात आणि बैठकीतले बोलणे हळूहळू उलगडू लागते. माझ्या मते दडपण कमी करणारा याहून प्रभावी उपाय नाही, कारण «मला काहीच समजत नाही» या भावनेचा मोठा वाटा केवळ न कळलेल्या शब्दांचा असतो.

तिसरा भाग प्रश्नांचा, आणि येथेच सर्वांत अधिक चुका होतात. काही जण प्रत्येक प्रश्न मनात येताच विचारतात आणि शेजाऱ्याला दिवसातून वीस वेळा थांबवतात. उलट, मराठी घरांत वाढलेली पुष्कळ मुले «कोणाला त्रास कशाला» या संकोचाने एकही प्रश्न विचारत नाहीत, समजले असे मानेने सांगतात आणि चुकीच्या दिशेने दोन दिवस काम करून बसतात. दुसरी चूक पहिलीपेक्षा महाग पडते. यावर पद्धत अशी ठेवा:

अडलेली गोष्ट आधी पंधरा-वीस मिनिटे स्वतः शोधा. जुन्या मेलमध्ये, सामाईक फोल्डरमध्ये किंवा मागील महिन्याच्या तयार कामात तिचे उत्तर पुष्कळदा सापडते. सापडले नाही, तर प्रश्न वहीत लिहा. काम पूर्णपणे अडले असेल तरच लगेच विचारा; इतर प्रश्न साठवून ज्येष्ठ सहकाऱ्याला दिवसातून एकदा, त्यांच्या सोयीची वेळ विचारून, एकत्र विचारा. विचारताना आपण काय शोधले तेही सांगा, म्हणजे समोरच्याला तुमची धडपड दिसते आणि उत्तरही नेमके मिळते. मिळालेले उत्तर त्यांच्यासमोरच लिहा, कारण एकच प्रश्न तिसऱ्यांदा विचारण्यानेच माणसे खरोखर कंटाळतात.

सावधान: तोंडी सूचना मिळाल्यावर केवळ «जी, हो जाएगा» म्हणून जागेवर परतू नका. ऐकलेले आपल्या शब्दांत परत सांगा: «सर, मतलब गुरुवार दोपहर तक सिर्फ़ पिछले महीने के बिल जाँचकर भेजने हैं, ठीक है?» काय, किती आणि केव्हापर्यंत या तिन्ही गोष्टी त्या एका वाक्यात आल्या पाहिजेत. सूचना मोठी असेल, तर तेच दोन ओळींच्या मेलने पाठवा.

## टप्पा ५: दुपारचे जेवण आणि संध्याकाळ

हा टप्पा लोक मोजतच नाहीत. नवा माणूस संकोचाने जागेवरच डबा उघडतो किंवा एकटा बाहेर जाऊन पोहे-कचोरीवर भागवतो. आठवड्याभरात जेवणाचे गट ठरून जातात आणि मग त्यांत शिरणे खरोखर कठीण होते. म्हणून पहिल्या दोन-तीन दिवसांतच शेजारच्या व्यक्तीला विचारून तिच्यासोबत जेवायला बसा. कार्यालय कसे चालते हे जेवणाच्या टेबलावर जितके कळते, तितके प्रशिक्षणात कळत नाही. मात्र तेथे कोणाविषयी निंदा सुरू झाली, तर ऐकणाऱ्याच्या भूमिकेतच राहा.

संध्याकाळी घरी आल्यावर अतिशय थकवा येतो आणि दिवसभर फारसे काम न करताही एवढे का थकलो, याचे आश्चर्य वाटते. सतत नव्या गोष्टींकडे लक्ष देण्याचा हा थकवा असतो आणि सवय होईल तसा तो उतरतो. पहिले दोन आठवडे घरी पाहुणे, नवा अभ्यासक्रम किंवा घर बदलणे असे कोणतेही मोठे काम अंगावर घेऊ नका आणि झोपेची वेळ सांभाळा. घरच्यांनीही रोज «कसे वाटते आहे» असे खोदून विचारण्यापेक्षा जेवण वेळेवर वाढावे, हे मी आग्रहाने सांगेन.

## टप्पा ६: वरिष्ठांकडे अर्धा तास मागा

पहिल्या आठवड्याच्या शेवटी किंवा दुसऱ्याच्या आरंभी वरिष्ठांकडे स्वतःहून अर्ध्या तासाची वेळ मागा. ते बोलावतील म्हणून वाट पाहणे ही मोठी चूक आहे. बहुतेक वरिष्ठांना ते सुचत नाही. जाताना वहीत पुढील प्रश्न लिहून न्या. महिन्याच्या शेवटी माझ्याकडून कोणते काम पूर्ण झालेले आपल्याला हवे आहे? दोन कामे एकाच वेळी आली तर प्राधान्य कोण ठरवील? कामाची स्थिती आपल्याला मेलने कळवू की प्रत्यक्ष येऊन सांगू? प्रोबेशनचे, म्हणजे सुरुवातीच्या चाचणी काळाचे, मूल्यमापन केव्हा आणि कशावर होते?

तीन जण तीन कामे देत असल्यामुळे गोंधळलेल्या नव्या कर्मचाऱ्यांसाठी यातला दुसरा प्रश्न सर्वांत उपयोगी आहे. एकदा उत्तर मिळाले की पुढच्या वेळी कोणालाही नकार न देता एवढेच म्हणता येते की मी प्राधान्य विचारून सांगतो.

याच सुमारास सुट्यांची यादीही पाहून घ्या. रंगपंचमीला राजवाड्याजवळ गेर (रंग उधळत जाणारी मिरवणूक) निघते आणि त्या दिवशी इंदूरमध्ये स्थानिक सुटी देण्याची प्रथा आहे. परंतु कंपनीचे मुख्यालय बंगळुरू किंवा पुण्याला असेल, तर तिच्या यादीत ती सुटी असेलच असे नाही. गुढीपाडवा आणि गणेशचतुर्थीबाबतही हीच गोष्ट. प्रोबेशनमध्ये रजा मिळते की नाही, हे विचारूनच घरच्या कार्याच्या तारखांना होकार द्या.

तपासा: दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक कार्यालयात लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असणे २०१३ च्या कायद्याने बंधनकारक आहे. तिच्या सदस्यांची नावे कोठे लावली आहेत ते पाहून ठेवा.

## टप्पा ७: पहिले काम लहान घ्या आणि शेवटपर्यंत न्या

दुसऱ्या आठवड्यापासून हाती काम येते. आपली योग्यता सिद्ध करण्याच्या घाईत मोठे काम मागून घेऊ नका. लहान काम घ्या, त्यासाठी मागच्या वेळचा नमुना मागा, एक चतुर्थांश झाल्यावर तो भाग दाखवून दिशा बरोबर असल्याची खात्री करा आणि मगच पुढे जा. पूर्ण करून एकदम दाखवण्याचा मोह आवरा, कारण सुरुवातीला चुकलेली एका रकान्याची मांडणी शेवटी सगळे काम परत करायला लावते. पाठवण्यापूर्वी आकडे, तारखा आणि मेलमधील नावे मोठ्याने वाचून तपासा.

याच काळात आणखी एक चूक घडते: जुन्या कंपनीत हे कसे चांगले होते, ते सांगत राहणे. सुधारणा सुचत असेल, तर ती वहीच्या शेवटच्या पानावर तारखेसह लिहून ठेवा आणि दोन महिन्यांनी पुन्हा वाचा. काही सूचना तोवर आपल्यालाच निरर्थक वाटतील. ज्या टिकतील, त्या मांडण्याचा अधिकार तोपर्यंत तुम्ही कामाने मिळवलेला असेल.

वेळेत काम होणार नाही असे दिसले, तर मुदतीच्या आदल्या दिवशीच कळवा आणि नवी वेळही सांगा. मुदत उलटल्यावर दिलेले खरे कारणसुद्धा सबबीसारखे ऐकू येते.

## टप्पा ८: पहिले पगारपत्रक ओळीओळीने वाचा

महिन्याच्या उत्तरार्धात रुजू झालेल्यांचा पहिला पगार अनेक कंपन्यांत पुढील महिन्याच्या पगारासोबत येतो, हे आधीच विचारून घ्या आणि घरभाडे किंवा हप्त्याची तजवीज त्याप्रमाणे करा. पगारपत्रक मिळाल्यावर पुढील ओळी पाहा.

भविष्य निर्वाह निधीची कपात सर्वसाधारणपणे मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या १२ टक्के असते. मासिक वेतन २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि कंपनी कर्मचारी राज्य विमा योजनेत येत असेल, तर कर्मचाऱ्याचे ०.७५ टक्के कापले जातात. मध्य प्रदेशात वार्षिक वेतन ४ लाखांहून अधिक असल्यास व्यवसाय कर वर्षाला २,५०० रुपये आहे आणि तो महिन्याला साधारण २०८ रुपये असा कापला जातो.

आयकराच्या ओळीकडे विशेष लक्ष द्या. आर्थिक वर्षाच्या मध्यावर नोकरी बदलली असेल, तर मागील कंपनीतील उत्पन्न आणि कापलेला कर नव्या कंपनीला कळवा. तसे न केल्यास दोन्ही ठिकाणी प्रमाणित वजावट (पगारदारांना करात मिळणारी ठरावीक सूट) आणि कराच्या खालच्या टप्प्यांचा लाभ धरला जातो, महिन्याला हातात अधिक पैसे येतात आणि विवरणपत्र भरताना एकदम मोठी रक्कम, पुष्कळदा व्याजासह, भरावी लागते. करप्रणालीची निवड विचारली गेली आणि तुम्ही काहीच कळवले नाही, तर नवी प्रणाली लागू धरली जाते. जुन्या प्रणालीत फायदा असेल, तर दिलेल्या मुदतीत तसे लेखी कळवा.

निधीची रक्कम कंपनीने पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायची असते. म्हणून त्यानंतरच्या आठवड्यात सरकारच्या उमंग ॲपवर निधीचे पासबुक उघडा आणि रक्कम तुमच्या जुन्याच यूएएनखाली नव्या कंपनीच्या नावाने दिसते का ते पाहा. दिसत नसेल, तर पगारपत्रकाची प्रत जोडून एचआर विभागाला मेल करा आणि मिळालेल्या उत्तराची तारीख वहीत नोंदवा.